खोक्यावरचं माप

"बस," ऑर्व्हल म्हणाला आणि दुधाच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

डेलला आधी खरंच वाटेना. गाडीच्या उघड्या सांगाड्याच्या, चासीच्या मध्ये, जिथं पुढे सीट येणार होती तिथं, ते प्लास्टिकचं खोकं पालथं घातलेलं होतं. त्याचा बाप, ऑर्व्हल, त्याच्याकडेच बघत होता. डेलनं हात पॅन्टला पुसले, चासीवरून पाय टाकला आणि बसला.

त्या गॅरेजात खोक्यावर बसण्याला अर्थ होता. ऑर्व्हल जुन्यापुराण्या गाड्या कापून ठेंगण्या करायचा, त्यांत दांडगी इंजिनं बसवायचा. हचिन्सन गावापासून विचिटा शहरापर्यंतच्या अशा गाड्यांच्या, हॉट रॉडच्या, शौकिनांत त्याचं नाव होतं. त्याचा हट्ट एकच. गाडी ज्याची, त्यानं स्वतः येऊन खोक्यावर बसायचं. त्याच्या हातापायांच्या बेतानं स्टिअरिंगची जागा ठरणार आणि मगच वेल्डिंग होणार. एका दंतवैद्यानं एकदा आपल्याऐवजी मेव्हण्याला पाठवलं होतं. ऑर्व्हलनं त्याला कॉफी पाजली, "त्याची पॅन्ट शिवायची झाली तरी मापाला तूच जातोस का रे?" असं विचारलं आणि आल्या वाटेनं परत धाडलं.

ही बत्तीस सालची फोर्ड मात्र गिऱ्हाइकाची नव्हती, घरची होती. बापलेक कित्येक हिवाळे तिच्यामागे राबले होते. गाडी कुणाची, हे डेलनं कधी विचारलं नाही आणि बापानं सांगितलं नाही. विचारायचं काय त्यात? आई गेल्यापासून घरात दोघंच होते. धाकटा रँडी बापाशी कडाकडा भांडून ओरेगॉनला निघून गेला तो गेलाच. नाताळचं कार्डसुद्धा कधी टाकलं नाही पठ्ठ्यानं. बापाचं पथ्यपाणी, डॉक्टर, अंगणातला बर्फ, सगळं डेलच्या गळ्यात पडलं होतं आणि त्यानं ते मुकाट्यानं केलं होतं.

गव्हाची कापणी उरकल्यावर बाप म्हणाला होता, "हिला जुन्या ट्रकचा स्टिअरिंग बॉक्स लागेल. बाहेर मिळतात ते सगळे झिजलेले. तुझ्या ट्रकचा दे."

डेलचा ट्रक म्हणजे आजोबांनी जाताना त्याच्या नावावर केलेला एक्कावन्नचा ट्रक. जगात स्वतःचं म्हणावं असं डेलकडे तेवढंच होतं. रविवारी चर्च सुटलं की तो ट्रक काढायचा आणि एकटाच नदीपर्यंत जाऊन यायचा. बॉक्स काढला की ट्रक वळवता येणार नाही, त्याचं कोंबड्यांचं खुराडं होणार, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं तो स्वतःच्या हातानं उतरवला, रॉकेलमध्ये धुतला आणि चासीत बसावा म्हणून त्याचे बोल्टचे कान ग्राइंडरनं उडवले. आता तो परत ट्रकला बसला नसता; माघार नव्हती. गाडी पोरालाच द्यायची नसेल तर कुठला बाप उगाच त्याचा ट्रक मोडायला लावेल, असं त्याचं साधं गणित होतं.

ऑर्व्हलनं बॉक्स चासीच्या डाव्या पट्टीतल्या लांबट खाचेत घातला आणि शिकंजा आवळला. बॉक्समधून निघालेल्या लांब दांड्याच्या टोकाला चाक होतं. ते बरोबर डेलच्या छातीसमोर आलं. त्यानं दोन्ही हातांनी धरलं. कोपर हवं तेवढंच वाकलं, गुडघ्यांना चाक कुठं लागत नव्हतं. त्याला वाटलं, आता आपल्याला रडू येणार. केस पिकायला लागले तरी बापानं एकदा आपलं म्हटलेलं माणसाला हवंच असतं.

"झकास आहे, डॅड. इथंच वेल्डिंगचे टाके मारू."

"घाई नको करूस." ऑर्व्हलनं शिकंजा ढिला केला. बॉक्स पुढं सरकवला, त्याबरोबर चाकही पुढं गेलं. "आता धर."

डेलनं हात लांबवले. कोपरं सरळ झाली.

"अजून थोडं," म्हणत बापानं पुन्हा सरकवलं. डेलचे खांदे पुढं ओढले गेले, बोटांची टोकं तेवढी चाकाला टेकली. ऑर्व्हल दोन पावलं मागं जाऊन डोळे बारीक करून बघत राहिला. मग खडूनं चासीवर रेघ मारली. बऱ्याच दिवसांत त्याचा चेहरा इतका खुशीत दिसला नव्हता.

"डॅड, मला हे नीट धरता येत नाहीये."

"तुला कशाला धरायचंय? रँडीचे हातपाय केवढे आहेत, विसरलास? चाक जवळ ठेवलं तर गुडघे अडकतील त्याचे."

डेलचे हात तसेच पुढं राहिले.

"त्याचा फोन आला होता?"

"नाही."

"मग?"

"येईल की. अशी गाडी दारात उभी आहे हे कळल्यावर कोण येणार नाही?"

"खोक्यावर ज्याची गाडी तोच बसतो, डॅड. तुमचाच नियम आहे."

"तो इथं नाही, म्हणून तुला बसवलं," ऑर्व्हल म्हणाला. एवढी साधी गोष्ट याला कशी कळत नाही, असा त्याचा सूर होता.

"मी माझा ट्रक मोडला," डेल हळूच म्हणाला.

ऑर्व्हलनं वेल्डिंगचा मुखवटा खिळ्यावरून काढला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि पोराच्या हातात दिला. दुसरा हात त्यानं डेलच्या खांद्यावर ठेवला. त्याच्या मनात काहीच वाकडं नव्हतं, आवाजात तर मायाच होती.

"अरे, तुला कशाला लागतोय ट्रक? तू कुठं जाणार आहेस?"