दोन मात्रा

गायक नवनाथचा फोन आला तेव्हा आबा गॅलरीत बसून गुडघ्यावर पुठ्ठ्याची नळी आपटत होते. कंपनीत सूत गुंडाळायची ती नळी. निवृत्त होताना त्यांनी एवढी एकच वस्तू मागून घेतली होती. नवं गाणं जुळवताना मात्रा मोजायला ती लागायची.

त्यांच्या मुलीने, रोशनीने, फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे धरला.

"आबा, राम राम. लग्नसराई जवळ आली. यंदा तरी एखादं गाणं द्या. धुळ्याला स्टुडिओ बघून ठेवतो."

"नही," आबा म्हणाले.

"आठ वर्षं झाली, आबा."

"मी बी मोजी राहिनू."

फोन बंद झाला. आबा नळी हातात फिरवत राहिले. रोशनी शाळेच्या वह्या पिशवीत भरत होती.

"गळा चांगला शे त्याना," ते म्हणाले. "पन त्यानी मना शबद बदली टाका. मी आंडेर लिखेल व्हतं. त्यानी लेक करी टाकं. दोन मात्रा कमी. मंग बसना ताणत, ले-ए-ए-क."

"लोकांना तेच आवडतं, आबा."

"लोकेसले काय. आंडेर म्हनजे आंडेर." मग ते हसले. "तुमनी शाळामा शिकाडतस का हाऊ शबद, मास्तरीनबाई?"

"नाही."

"मंग काय शिकाडतस? डबा ल्या, राही जाई."

आंडेर म्हणजे मुलगी. गाणं बापाचं होतं, मुलगी सासरी निघतानाचं. 'दारमा उभी शे मनी आंडेर', अशी त्याची पहिली ओळ. आता इथे आमलीत, कंपनीच्या वस्तीतल्या लग्नांतही ते लागायचं, आणि बायका नेमक्या त्या ताणलेल्या 'लेक'वर डोळ्यांना पदर लावायच्या.

आबांच्या वहीतून ते मोबाइलवर उतरवून नवनाथला पाठवलं होतं रोशनीने. तेव्हा ती कॉलेजात होती. तिच्या घरची अहिराणी ऐकून वर्गातल्या मुली आठवडाभर तिला 'आंडेर' अशी हाक मारत होत्या. तो शब्द तिच्याने लिहवला नाही. तिने 'लेक' लिहिलं. रेकॉर्डिंग आलं तेव्हा आबांनी एकदा ऐकलं आणि विचारलं, हे कोणी केलं? "त्यानेच बदललं असेल," ती म्हणाली. वाक्य सहज तोंडातून गेलं. परत घ्यायला रोज वेळ होता.

त्या सकाळीही होता. खाली कंपनीची बस हॉर्न देत होती, रस्ता अडला होता. तिने डबा घेतला आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी आबा उठले नाहीत.

बाराव्यानंतर पाहुणे आपापल्या गावी परतले. शेजारच्या तानूबाई दुपारची भाकरी झाकून ठेवून गेल्या. रोशनीने सवयीने दोन ताटं काढली, एक परत मांडणीत ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, नवनाथ बोलतोय. मला फार उशिरा कळलं."

"हो."

"एक विचारू का? राग मानू नका. माझं काय चुकलं होतं? आबांनी कधी सांगितलं नाही. नुसतं नही म्हणायचे."

रोशनी गॅलरीत आली आणि तिने मागे दार ओढून घेतलं. घरात ऐकायला कोणी नाही, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

"त्यांना वाटायचं, त्यांचा शब्द तुम्ही बदलला. आंडेरचं लेक केलं."



"मी? ताई, माझी आई अजून मला पोरगा न म्हणता आंडोर म्हणूनच हाक मारते. लेक वाचलं तेव्हाच मला खटकलं होतं. चालीत बसतच नव्हतं. तबलेवाला म्हणाला, दुसरं काहीतरी घाल. मी म्हटलं, आबांनी लिहिलंय, हलवायचं नाही. दोन मात्रा कुठून आणायच्या? म्हणून ताणलं."

रोशनीने कठडा धरला.

"मी बदलला होता," ती म्हणाली. "टाइप मी केलं होतं."

तो रागावेल म्हणून ती थांबली. तो रागावला नाही.

"मग खरी ओळ कशी आहे?" त्याने विचारलं. "एकदा म्हणा ना."

"मला गाता येत नाही."

"नुसती म्हणा."

नळी खुर्चीवरच होती. पाहुण्यांपैकी कोणी तिला हात लावला नव्हता. रोशनीने ती उचलली आणि हळूच गुडघ्यावर आपटली.

"दारमा उभी शे मनी आंडेर."

शेवटचा ठोका शब्दावर पडला. काही ताणावं लागलं नाही.

"बसलं," नवनाथ म्हणाला. मग त्याने फोन ठेवला.

खाली दुसऱ्या पाळीची बस येऊन गेली. रोशनी नळी हातात घेऊन उभी राहिली. आबा अहिराणीत बोलायचे आणि ती त्यांना शाळेतल्या मराठीत उत्तर द्यायची, असंच इतकी वर्षं चाललं होतं.

"आबा," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "तुमना शबद मी बदली टाका."