पडताळा

"इथंच बसू या," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "काय वास सुटलाय! माझ्या पोटात कावळे ओरडतायत."

धक्क्याच्या तोंडाशीच ती खानावळ होती. पत्र्याचं छप्पर, सहा बाकं, दाराशी खडूनं लिहिलेला फळा. एकाच शाळेतल्या तिघी जणी दोन दिवसांसाठी समुद्रावर आल्या होत्या आणि सकाळपासून वाळूत चालून तिघींचेही पाय बोलायला लागले होते.

तिघींतली एक यंदाच उपमुख्याध्यापिका झाली होती. बाकीच्या दोघी तेव्हापासून तिला 'मॅडम' म्हणू लागल्या होत्या. ती फळ्याकडे बघतच राहिली. 'ळ'ची दोन्ही पोटं फुगवून काढलेलं ते अक्षर तिच्या थोरल्या भावाचं होतं. सहलीचं गाव ठरलं तेव्हा तिला नाही म्हणता आलं नव्हतं. धक्क्याकडे फिरकायचं नाही, एवढंच तिनं मनाशी ठरवलं होतं. स्टाफरूममध्ये तिचा दादा मोठ्या जहाजावर अधिकारी होता.

आतून झाऱ्याचा आवाज आला, पाठोपाठ खोकला. तोही ओळखीचा.

"इथं नको," ती म्हणाली.

"का हो मॅडम?"

"अहो, घाण असते आत. माझ्या ओळखीतलं एक अख्खं कुटुंब इथं जेवून आजारी पडलं होतं. स्वयंपाकघर बघाल तर पाणीसुद्धा पिणार नाही."

इतकं बोलायची गरज नव्हती. नुसतं 'वर जाऊ या' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पहिलं वाक्य तोंडातून गेलं आणि बाकीची त्याच्यामागून आपोआप आली.

टेकडीवरच्या काचेच्या हॉटेलात तिघींना पाऊण तास ताटकळावं लागलं. मासा आला तो मधोमध गार. गणिताच्या बाईंनी काट्यानं त्याला उलटासुलटा करून पाहिला. "यापेक्षा माझा शाळेतला डबा बरा," त्या म्हणाल्या. चित्रकलेच्या बाई खळखळून हसल्या. ती खाली मान घालून घासामागून घास गिळत राहिली.

खाली उतरायला तीच एक वाट होती. ती मुद्दाम चार पावलं मागं राहिली. खानावळीच्या दाराशी एक जोडपं, त्यांची म्हातारी आई आणि पेंगुळलेली लहान मुलगी फळा वाचत उभी होती. चित्रकलेच्या बाई मनानं मोकळ्या. तिनं अडवायच्या आत त्या रस्ता ओलांडून गेल्यासुद्धा.

"इथं नका जेवू हं. लेकरू बरोबर आहे म्हणून सांगते. आत फार घाण असते."

फडक्याला हात पुसत तो बाहेर आला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर घाम.

"कोण म्हणतं घाण?" आवाज चढला होता, पण चेहरा हसरा होता. "बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. या, सगळ्याच आत या. पातेल्यात तोंड दिसलं नाही तर आजच टाळं लावतो."

"हे बरोबर बोललात," गणिताच्या बाई म्हणाल्या. "ऐकीव गोष्टीचा पडताळा पाहिलाच पाहिजे." पर्स काखेत मारून त्या दाराकडे निघाल्याही.

"पण म्हणालं कोण, ते तरी कळू द्या."

"आमच्या मॅडम." चित्रकलेच्या बाईंनी मागं बोट दाखवलं. "आणि त्या उगाच बोलायच्या नाहीत. त्यांना खात्रीनं माहिती आहे."

त्यानं बोटाच्या दिशेनं पाहिलं. आधी त्याचा चेहरा नुसता फुलला. हाक मारायला तोंड उघडलं, हात अर्धा वर गेला. मग बाईंचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं असावं. हात तसाच खाली आला.

दोघांत दहा पावलांचंही अंतर नव्हतं. तिनं चष्मा नीट केला.

गणिताच्या बाईंचा पाय उंबऱ्याला लागला, तसा तो झटकन वळला आणि चौकटीला हात आडवा लावून दार अडवून उभा राहिला.

"नको बाई. आत नका येऊ."

"अहो, आत्ताच तर तुम्ही या म्हणालात!"

ती उभी होती तिथून बाजूच्या खिडकीतलं सगळं दिसत होतं. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं टांगलेली लखलखीत पातेली, चुलीमागची पांढरी भिंत आणि भिंतीवर, दारातून शिरणाऱ्याची पहिली नजर जाईल असा, तिचा फोटो. पदवी घेतली त्या दिवशीचा, काळ्या झग्यातला. काचेवर धुराचा डागसुद्धा नव्हता. दोघींनी तो पाहिला असता तर ओळखायला क्षण लागला नसता.

"मॅडम म्हणतात ते खरं आहे," तो खाली बघत म्हणाला. "घाण आहे आत." मग तो त्या कुटुंबाकडे वळला. "तुम्ही वरच्या हॉटेलात जा. आजींना जरा सावकाश चढवा, पायऱ्या उंच आहेत."

आजींना धरून ती मंडळी निघाली. तो दारातून हलला नाही. तिच्याकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

तिघी लॉजच्या रस्त्याला लागल्या.

"म्हणजे मॅडमचंच बरोबर निघालं," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"पण माणूस सरळ हो," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "निदान खोटं तरी नाही बोलला."

"हो," ती म्हणाली.