मंगळवारचं मौन

अक्काताई दर सोमवारी महादेवाचं मौन धरायच्या. त्या आठवड्यात मात्र त्यांनी ते मंगळवारी धरलं, कारण मंगळवारी त्यांच्या लेकीच्या, सौंदर्याच्या, इंग्लिश मीडियमच्या शाळेत पालकसभा होती. आपलं इंग्रजी ऐकून बाई हसतील आणि पोरीला मान खाली घालावी लागेल, ही भीती.

"आता देवाला बी फसवायला लागलीस व्हय?" नवरा म्हणाला. त्यांनी देव्हाऱ्यापुढं नाक घासलं, दिवस मावळेपर्यंतचं मौन घेतलं आणि 'आज मौन आहे' अशी चिठ्ठी मुठीत धरून शाळा गाठली.

बाई चक्क मराठीत बोलल्या. "बसा वहिनी. जूनपासून सौंदर्यानं वर्गात तोंड उघडलेलं नाही. असंच राहिलं तर मागच्या वर्गात बसवावं लागेल. घरीपण अशीच असते का ही?"

घरी तर पोरीची टकळी थांबायची नाही. अगदी ओठांवर आलं, पण घेतलेलं व्रत मोडवेना. अक्काताईंनी चिठ्ठी पुढं केली.

 

बाईंनी ती वाचली आणि वही मिटली. "असू दे. पोरगी कुणावर गेलीय, ते कळलं."