अठ्ठाविसावा आठवडा

"काका, या टायरचं वय काय?"

भिंगरीने विचारून टाकलं. दुकानाच्या पायरीवर, गाडीच्या सोडवून आणलेल्या दोन चाकांशेजारी बसलेल्या तिच्या दोन्ही मैत्रिणींनी एकमेकींना कोपरं मारली. पैज त्यांचीच होती. टायरवाल्या काकांच्या भुवयांना अख्खी गल्ली टरकून असायची. त्यांना हा प्रश्न तोंडावर विचारला, तर रविवारी पहाटे उठून दोघी ट्रॅकवर टाळ्या वाजवायला येणार होत्या.

काकांनी हवेचा पाइप खाली ठेवला. "टायरला कसलं गं वय? कोरा आहे. हे बघ, केसही झडले नाहीत अजून." टायरवरचे रबराचे बारीक केस त्यांनी अंगठ्याने वाकवून दाखवले.

केस होते. चकाकीही होती. जरा जास्तच होती.

भिंगरीला संशय चार दिवसांपासून टोचत होता. मामाच्या दीडशे सीसीच्या गाडीवर रेसच्या ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या, तेही सोळाव्या वर्षी, असं तिने जेवताना जाहीर केलं, तेव्हा आईच्या हातातला चमचा हवेतच राहिला होता. बाबा मात्र म्हणाले, "जा की." जा की! तिच्या सायकलची आधाराची छोटी चाकं काढायला ज्या माणसाने दोन वर्षं लावली, तो म्हणतोय जा की. वर परवानगीच्या कागदावर न वाचता सही. वर, "टायर माझ्याकडून. पण माझ्या मित्राच्याच दुकानात जा, दुसरीकडे नको." आणि आज सकाळपासून दोनदा फोन. "बसवले का? तो देईल तेच घे हं. जास्त डोकं चालवू नकोस."

इतका गोडवा बाबांच्या अंगात नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

डोकं तर तिने महिनाभर चालवलं होतं. व्हिडिओ बघून बघून वही भरवली होती. मऊ रबर लवकर तापतं, तापलं की वळणावर रस्त्याला चिकटतं. नवशिक्याने रेसचे टायर घेऊ नयेत, रस्त्यावरचेच घ्यावेत, पण ताजे. तिने समोरच्या टायरमध्ये नख रोवलं. नख वाकलं. टायर ढिम्म.

मग ती उकिडवी बसली आणि बाहीने पॉलिश पुसलं. टायरच्या कडेला, एका लंबगोल चौकटीत, चार आकडे होते. २८१९. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिने मनातल्या मनात वजाबाकी केली. हा टायर बनला तेव्हा ती चौथीत होती.

"काका, याचे तर दुधाचे दात पडायला लागले असतील!"

पायरीवर खी-खी झालं. काका चिडले नाहीत, आणि त्यामुळेच भिंगरी चपापली. लबाड माणूस एव्हाना अंगावर धावून आला असता. काका नुसते हात पुसत राहिले.

"तुझ्या बापानेच मागितलाय," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"म्हणाला, जुनीच जोडी दे. तिकडे गाड्या तपासतात ना. पाच वर्षांवरचा टायर दिसला की फाटकावरूनच परत. पोरगी घरी येईल आणि मला नाही म्हणावं लागणार नाही, म्हणाला. न विकता भंगारात काढलेली जोडी होती, पॉलिश मारून ठेवली. पटलं नव्हतं गं मला. पण मित्र पडला."

"आणि तपासणाऱ्याने नाही बघितलं तर?"

काकांच्या भुवया खाली आल्या. "साठ गाड्या, एक माणूस. ब्रेक बघतो, चेन बघतो. आकडे बघेलच असं..."

"ताजी जोडी?"

"तुझ्या मापाची सोमवारी येईल."

म्हणजे रविवार हुकला. भिंगरीने त्या चकचकीत जोडीकडे पाहिलं. आकड्यांवर जरासा चिखल फासला की काम झालं. रविवारी ट्रॅक, वळणावर वाकलेली गाडी, टाळ्या. ती बराच वेळ पाहत राहिली. एकदा तर तिने बोट ओलंही केलं.

मग ती उठली. "चला गं, एकेक चाक उचला."

"आणि टायर?"

"राहू देत."

स्वयंपाकघरात बाबा भाजी चिरत होते. चाकं गेली तशीच परत आलेली बघून त्यांचा हात थांबला. "काय गं, बसवले नाहीस?"

"अठ्ठाविसावा आठवडा, बाबा. मी चौथीत होते तेव्हाचा."

"कसला आठवडा?" आईने विचारलं. भिंगरीने एका दमात सगळं सांगितलं. आई बाबांकडे वळली.

"अगं, तिथे तपासतातच!" बाबा म्हणाले.

"साठ गाड्या, बाबा. एक माणूस."

हा हिशोब बाबांनी केलाच नव्हता. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. सुरी खाली ठेवून त्यांनी स्टूल ओढलं आणि मटकन बसले.

"मला तुला नाही म्हणता येत नाही गं," ते म्हणाले. "तुझा चेहरा बघितला की नाहीच येत."

भिंगरीने राग गिळला, हात कमरेवर ठेवले आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा ठणठणीत आवाजात सांगितलं, "रविवारी मी जात नाहीये. पुढच्या महिन्यात जाईन, ताज्या टायरवर, आणि ते मी निवडणार. तोवर तुमच्याकडे एक महिना आहे, बाबा. नको वाटत असेल तर माझ्या तोंडाकडे बघून नाही म्हणा. मी भांडेन, दारं आपटेन, दोन दिवस बोलणार नाही. पण मरणार तर नाही."