दहापर्यंत मोजा

जालना रोडवरच्या हॉटेलात प्लॉटच्या धंद्याचा क्लास घेणाऱ्या सरांनी शिकवलं होतं, "अडलेला मालक गाठा. निम्मा भाव सांगा आणि गप्प बसून मनात दहापर्यंत मोजा. जो आधी बोलला, तो हरला."

कंपनीतून रिटायर झालेल्या इब्राहीमभाईंनी फंडाचे सगळे पैसे त्या क्लासात ओतले. वर्षभर रोज फोन लावले, पण एकही सौदा जमला नाही. फी परत मागायला गेले, तर सर म्हणाले, "चाचा, तुमचा माइंडसेटच कच्चा आहे."

शेवटी बायकोच्या नजरेला नजर न देता त्यांनी घर बांधायला ठेवलेल्या चिकलठाण्याच्या प्लॉटच्या विक्रीची जाहिरात टाकली.

तिसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. "अंकल, तुमची अडचण मी समजू शकते," ती पाठ केल्यासारखं म्हणाली, निम्मा भाव सांगितला आणि एकदम गप्प झाली. इब्राहीमभाईही गप्पच राहिले. फोनमधून हलकं पुटपुटणं ऐकू येत होतं, "सहा... सात... आठ..."



"दहा होऊ दे, बेटी," ते थकल्या आवाजात म्हणाले. "मग सांग, कितवी बॅच तुझी?"