घरच्यांनाही पत्ता नाही

गॅरेजचा मालक बातमी मोठ्याने वाचत होता आणि रंगाऱ्याच्या हातातली चिकटपट्टी जागच्या जागी थांबली. चोरीच्या गाड्यांना नवा रंग देऊन विकणाऱ्या टोळीत पोलिसांचा एक माणूस कामगार बनून राहतोय, असं छापून आलं होतं. नाव नव्हतं, एवढे उपकार. बाकी सगळं होतं. खोट्या गुन्ह्यात तो तुरुंगातही जाऊन आला, घरच्यांनाही खऱ्याचा पत्ता नाही, बापाने घराबाहेर काढलं, तरी हा बहाद्दर कामाला चिकटून आहे, वगैरे वगैरे.

बहाद्दर म्हणजे रंगारीच. हे वरच्या साहेबाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे बातमीदारापुढे फुशारकी मारायला त्याचीच जीभ वळवळली असणार. अरे शहाण्या, तुझं कौतुक होतं, पण इथे जीव माझा जातो! रंगाऱ्याने मान खाली घालून गाडीच्या काचेवर रद्दीचा कागद लावला. फवारा मारण्याआधी काच झाकावीच लागते, आणि हात थांबलेला दिसला असता तर खेळ तिथेच खलास होता.

मालकाने शटर खाली ओढलं. तुरुंगात जाऊन आलेले आणि बापाने हाकललेले गॅरेजात दोघेच होते, रंगारी आणि काडी. काडी इंजिनांचे नंबर घासायचा. हडकुळा, अट्टल चोर, पण डबा उघडला की आधी रंगाऱ्याला वाढायचा. खरं काय ते कळेपर्यंत दोघांनी बाहेर पाऊल टाकायचं नाही, असं मालकाने बजावलं. काडी म्हणाला, भरतीत छाती मोजतात म्हणे, आधी छाती तरी पाहिजे ना. सगळे हसले. रंगारीही हसला.

त्याला धास्ती एकाच माणसाची होती. वडिलांची. ते रोज सकाळी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचायचे. गॅरेज त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकदा येऊन दारात थुंकून गेले होते. आज बातमी वाचतील, ओळखतील, आणि धावत येऊन सगळ्यांदेखत गळ्यात पडतील. नका येऊ बाबा, तो मनात घोकत राहिला. आणि खोटं कशाला बोला, यावेत असंही त्याला वाटत होतं.

दुपारी कुणीतरी शटरवर थापा मारल्या. मालकाने ते उचललं. बाहेर एक म्हातारा उभा होता, हातात पेपर. उन्हामुळे चेहरा दिसेना.

म्हातारा रंगाऱ्यासमोरून पुढे गेला आणि काडीच्या गळ्यात पडला.

"चुकलो रे पोरा. माझं लेकरू चोर असणारच नाही, मला वाटतच होतं."

काडी पांढराफटक पडला. "नाही हो बाबा," तो म्हणाला, "मी चोरच आहे."

म्हातारा रडता रडता हसला. अजूनही लपवतोय बघा, असं मालकालाच कौतुकाने सांगत त्याने काडीची पाठ थोपटली.

मालकाने म्हाताऱ्याला हाताला धरून रस्त्यापर्यंत नीट पोचवलं. परत येऊन शटर ओढलं आणि काडीला मागच्या खोलीकडे ढकललं. जाता जाता काडीने रंगाऱ्याकडे पाहिलं.

"तू तरी सांग ना रे यांना."

रंगाऱ्याने फवाऱ्याचं मशीन चालू केलं, म्हणजे मागचं काही ऐकू येणार नाही.

संध्याकाळी मशीन बंद केलं तेव्हा मागची खोलीही गप्प होती. काचेवरची रद्दी सोलताना त्याचं लक्ष दाराकडे जात होतं. कोणी येणार नव्हतं. तो जिवंत होता, कारण बाबांनी ती बातमी शेवटपर्यंत वाचली होती आणि हा आपला मुलगा असेल असं त्यांना क्षणभरही वाटलं नव्हतं.