कुंदा आणि बिबळ्या

तेराव्याला हार घालायचा म्हणून विद्याधर बायकोचा, कुंदाचा एकमेव फोटो घेऊन अंधेरीच्या स्टुडिओत आला. बाकीचे सगळे रोल त्याने हरणांवर, माकडांवर घालवले होते. स्टुडिओवाल्याने फोटो उजेडात धरला. “वहिनींच्या अंगावरचा बिबळ्या पुसून देऊ ना?” “राहू दे,” विद्याधर म्हणाला. एक्कावन्न साली बोरिवलीच्या जंगलात त्याने कुंदाचा फोटो काढला, तेवढ्यात ओढ्यावर बिबळ्या पाण्याला आला, जन्मात पहिल्यांदा पाहिलेला! त्या धांदलीत रोल पुढे न फिरवताच त्याने खटका दाबला आणि दोघं एकाच फोटोत उमटली. तेव्हा फोटो पाहून याच काउंटरवर त्याने कपाळाला हात लावला होता. “वाट लागली! बाई पुसून नुसता बिबळ्या ठेवता येईल का हो?” शेजारी उभी असलेली कुंदा पोट धरून हसली होती. “पुसा, पुसा. मी काय, घरी आहेच की!”